पांढऱ्याचा माग: लॅटिन ‘आल्बुस’ घरात कसा शोधावा

‘आल्बुस’ म्हणजे लॅटिनमधला पांढरा. त्याच्यापासून आलेले शब्द आपल्या घरात शोधायचे, या कामाला लॅटिन यावं लागत नाही. मराठी नीट यावी लागते, आणि मालवणी किंवा गोव्याकडची कोंकणी कानावरून गेली असेल तर अर्धं काम आधीच झालं म्हणायचं. साहित्य फारसं नाही: पोस्टकार्डाएवढ्या वीसेक चिठ्ठ्या, पेन्सिल, एक व्युत्पत्तिकोश (शब्दांची मूळं सांगणारा कोश) आणि सलग दोन तास. पेनऐवजी पेन्सिल अशासाठी, की पहिल्या तासात लिहिलेलं निम्मं खोडावं लागतं.

आधी मूळ शब्द पक्का करा

लॅटिनमध्ये पांढऱ्याला दोन शब्द होते. ‘आल्बुस’ म्हणजे बिनचमकेचा पांढरा: चुना काढून वाळलेली भिंत, खोबऱ्याची कातळी. ‘कांदिदुस’ म्हणजे झळाळणारा पांढरा: उन्हात डोळे दिपवणारी मिठाची रास, चांदणं. काळ्याचीही तशीच जोडी होती, मंद काळ्याला ‘आतेर’ आणि चकाकत्या काळ्याला ‘निगेर’. हा भेद चिठ्ठ्यांवर सुरुवातीपासून ठेवा. आल्बुसच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘आ’, कांदिदुसच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘कां’. नंतर दोन्ही घराणी एकमेकांत मिसळली की वेगळी करता येत नाहीत.

आता मराठी माणसाला आयतीच मिळणारी गोष्ट. लॅटिन विशेषण तीन लिंगांत चालतं: आल्बुस, आल्बा, आल्बुम. म्हणजे पांढरा, पांढरी, पांढरं. मालवणीत पांढरो, पांढरी, पांढरां. गोव्यात धवो, धवी, धवें. फ्रेंच किंवा हिंदी बोलणाऱ्याला नपुंसकलिंग मुद्दाम समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही. विशेषणाचं नाम कसं होतं हेही आपल्याला नवं नाही. ‘तांबडं फुटलं’ म्हणताना तांबडं काय, असं कोणी विचारत नाही. देशावर गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात. (कोकणात माती तांबडी, त्यामुळे ही जोडी इथे ऐकूनच माहीत.) लॅटिनमधून आलेल्या भाषांनी हेच केलं. स्त्रीलिंगी ‘आल्बा’ची झाली पहाट. आपली पहाट तांबडी, त्यांची पांढरी. नपुंसकलिंगी ‘आल्बुम’, म्हणजे नुसतं ‘पांढरं’, हा तुमच्या कपाटातला आल्बम.

घरातून शब्द गोळा करा

कोश उघडण्याआधी घरात फिरा. लग्नाचा आल्बम. रक्त-लघवीच्या तपासणीच्या कागदावरचं अल्बुमिन. पावसाळ्यात बाहेर निघणारं ब्लँकेट. परीक्षेत ब्लँक सोडलेला पेपर. माळ्यावरचा कंदील. वसई, रेवदंडा, वेंगुर्ल्याकडे चर्चमध्ये गेलात तर पाद्री मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळी बाकीच्या वस्त्रांखाली घालतो तो घोळदार पांढरा झगा, पोर्तुगीजमध्ये ‘आल्वा’. एका शब्दाला एक चिठ्ठी. प्रत्येकीवर चार रकाने आखा: आजचं रूप, ते आपल्याकडे कोणत्या भाषेतून आलं, तिथलं रूप, तिथला अर्थ. पाचवा रकाना ‘पुरावा’ म्हणून मोकळा ठेवा. बहुतेक हौशी लोक तो भरतच नाहीत आणि तिथेच फसतात.

एका वेळी एकच पायरी मागे जा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मराठी शब्दावरून थेट लॅटिनवर उडी. आल्बम लॅटिन आहे हे खरं, पण मराठीत तो लॅटिनमधून आलेला नाही, इंग्रजीतून आला. किनाऱ्यावर राहणाऱ्याला आणखी एक मोह होतो, ‘लॅटिन वळणाचा शब्द दिसला की पोर्तुगीज’. चौलला पोर्तुगीजांचा किल्ला १५२१ साली उभा राहू लागला आणि १७४० पर्यंत त्यांचा अंमल होता. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलली जाते, ‘नो लिंग’ म्हणजे आमची भाषा. मोह साहजिक आहे, पण वस्तू कधी आली ते पाहा. फोटो चिकटवायची वही इंग्रजी अमदानीत आली, शब्द तिच्याबरोबर. बटाटा, चावी, पगार, घमेलं यांचं तसं नाही.

तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) उत्तम, आणि तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो. शब्द त्यात असेल तर १८५७ पूर्वी तो मराठीत रुळलेला होता एवढं नक्की. फक्त शब्दाचं मूळ दाखवणारं त्यातलं ‘पी’ हे अक्षर फारसीचं आहे, पोर्तुगीजचं नव्हे. ही गफलत नेहमी होते. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश दुसऱ्या हाताला ठेवा आणि पोर्तुगीज शब्दांसाठी दालगादोंचा १९१३ चा संग्रह.

ध्वनीचा नियम किमान तीन शब्दांवर घासून पाहा

दोन शब्द एकसारखे दिसतात म्हणून नातं ठरत नाही. एकाच भाषेत तोच बदल आणखी दोन-तीन शब्दांत झालेला दाखवता आला, तरच तो नियम. आल्बुसच्या बाबतीत हे नियम बरेच स्वच्छ आहेत.

पोर्तुगीजमध्ये ‘ल’ किंवा ‘र’नंतरच्या ‘ब’चा ‘व’ झाला. आल्बुसचा आल्वो, आल्बाचा आल्वा. जोडीला हेर्बा (गवत) पासून एर्वा, आर्बोर (झाड) पासून आर्वोरे, कार्बो (कोळसा) पासून कार्वाव. चार-पाच उदाहरणं झाली, नियम पक्का. मग कोणीतरी ‘बार्बा’ (दाढी) काढतो, कारण तिथे पोर्तुगीजमध्येही ‘ब’ तसाच आहे. घाबरू नका. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ब’ने मधल्या ‘ब’ला धरून ठेवलं. अपवादाचं कारण सांगता आलं तर नियम बळकट होतो, नाही सांगता आलं तर पुन्हा पेन्सिल.

फ्रेंचमध्ये व्यंजनाआधीचा ‘ल’ विरघळून ‘उ’ झाला आणि मग ‘अउ’चा ‘ओ’. आल्बाची झाली ‘ओब’, पहाट. तसंच आल्तेर (दुसरा) चं ओत्र, फाल्सुस (खोटा) चं फो. इथे देवनागरीची एक अडचण होते. आपण उच्चार लिहितो, म्हणून ‘ओब’ लिहिल्यावर आत ‘ल’ होता याची खूणही राहत नाही. फ्रेंच स्पेलिंगमध्ये मात्र ‘अउ’ अजून टिकून आहे. तेव्हा युरोपीय शब्दांच्या चिठ्ठीवर उच्चार आणि स्पेलिंग दोन्ही उतरवा. अर्धा माग त्या न बोलल्या जाणाऱ्या अक्षरांत असतो.

इटालियन, स्पॅनिश आणि कातालानमध्ये पहाट ‘आल्बा’च राहिली. रुमानियनमध्ये पांढऱ्याला शेवटचा स्वर गळालेला ‘आल्ब’ उरला, आणि अंड्यातल्या पांढऱ्याला तिथे ‘आल्बुश’ म्हणतात.

तत्सम की तद्भव, हे ठरवा

शाळेत शिकलेली ही जोडी इथे हत्यारासारखी चालते. लोकांच्या तोंडून घासत आलेला शब्द तद्भव, पुस्तकातून नंतर उचललेला तत्सम. पोर्तुगीज ‘आल्वो’ तद्भव. ‘आल्बिनो’ हाही पोर्तुगीजमधूनच जगभर गेला, पण त्यात ‘ब’ शाबूत आहे. वरचा नियम लावला तर तिथे ‘व’ यायला हवा होता. तो नाही, म्हणजे शब्द पिढ्यान्पिढ्या बोलण्यातून आलेला नाही, शिकलेल्यांनी लॅटिनवर बेतून घडवला. अल्बुमिन तसंच. अंतराळशास्त्रातलं ‘आल्बेडो’ही तसंच: पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फेकला जातो त्याचं माप. पृथ्वीचं सुमारे ०.३, ताज्या बर्फाचं ०.८ च्या वर. एकाच मुळाचे दोन्ही शब्द एका भाषेत नांदताना पाहून गोंधळू नका. आपल्याकडे धवल आणि ढवळा शेजारी राहतातच की.

आल्बुस गेला कुठे?

इथपर्यंत आल्यावर कोणीही अडखळतो. फ्रेंचमध्ये पांढऱ्याला ब्लां, स्पॅनिशमध्ये ब्लांको, पोर्तुगीजमध्ये ब्रांको, इटालियनमध्ये बियांको. यात आल्बुस नाहीच. ओढूनताणून नातं जोडू नका, कारण नातं नाही. हा शब्द जर्मनिक भाषांमधला ‘ब्लांक’, मूळ अर्थ ‘चमकणारा’. रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागात जर्मनिक टोळ्या स्थिरावल्या तेव्हा रंगांचे बरेच शब्द लोकांच्या बोलीत शिरले. फ्रेंचमधले करडा, तपकिरी आणि निळा यांचे शब्दही त्यांचेच. आल्बुस रोजच्या वापरातून हटला आणि पहाट, पाद्र्याचा झगा, कविता एवढ्यापुरता उरला. पूर्वेला रुमानियन मात्र या लाटेबाहेर राहिली, म्हणून तिथे दुधापासून भिंतीपर्यंत सगळं अजून ‘आल्ब’. आल्प्सच्या दऱ्यांतल्या रोमान्शमध्येही ‘आल्व’ टिकला.

हे समजायला युरोपात जायची गरज नाही, बांद्याचा पूल ओलांडून गोव्यात गेलं की पुरे. संस्कृत ‘धवल’पासून आलेला धवो गोव्याकडच्या कोंकणीत रोजचा शब्द आहे. मराठीत ‘पाण्डुर’पासून आलेल्या पांढऱ्याने ती जागा घेतली, आणि ढवळा बैलाच्या नावापुरता गोठ्यात राहिला. धवो म्हणजे आपल्याकडचा रुमानियन, ढवळा म्हणजे फ्रेंच पहाट. फरक इतकाच की पांढरा आपल्याच घरातला, ब्लांक बाहेरून आलेला.

ब्लांकची ध्वनिपरीक्षा सोपी आहे. पोर्तुगीजमध्ये अशा जोडाक्षरातला ‘ल’ ‘र’ होतो: ब्लांकचा ब्रांको, ब्लांदुस (मऊ) चा ब्रांदो, क्लावुस (खिळा) चा क्रावो. गोव्यात कानावर पडणारं ‘ओब्रिगादो’ (आभारी आहे) हेही ओब्लिगातुसचंच. इथेही एक खोच आहे. ‘क्लाविस’ (किल्ली) पासून पोर्तुगीजमध्ये ‘शावे’ झालं, आधीच्या काळी उच्चार ‘चावे’, आणि तीच आपली चावी. मग ‘क्रावे’ का नाही? कारण हे थर वेगवेगळ्या काळांतले आहेत. ‘च’ होण्याचा बदल जुना, ‘र’ होण्याचा नंतरचा. थर ओळखल्याशिवाय नियम लावला की चावी हरवते. इटालियनमध्ये त्याच ‘ल’चा ‘य’ झाला: बियांको, फियोरे (फूल), पियात्सा (चौक), कियावे (किल्ली).

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण इथे तंतोतंत बसते. पोर्तुगीजमध्ये ‘आल्वो’चा एक अर्थ आहे नेमबाजीचं लक्ष्य, म्हणजे फळ्यावरचा पांढरा ठिपका. स्पॅनिशमध्ये ‘ब्लांको’लाही नेमका तोच अर्थ आहे. शब्दांचं कूळ वेगळं, पण कामं त्याच वळणाची.

ब्लांकच्या घरातल्या चिठ्ठ्या झटपट भरता येतात. ब्लँकेट: जुन्या फ्रेंचमध्ये न रंगवलेलं पांढरं लोकरी कापड. ब्लँक: पांढरा, म्हणून न लिहिलेला. आपला ‘कोरा’ अशाच वाटेने गेला, न धुतलेल्या कापडापासून न लिहिलेल्या कागदापर्यंत. कासाब्लांका: पोर्तुगीजांनी ‘कासा ब्रांका’ म्हटलं, स्पॅनिश रूप टिकलं, अरबीत ‘दार अल-बैदा’. तिन्हींचा अर्थ पांढरं घर.

‘अल’ दिसला की थांबा

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या या टप्प्यावर फाडाव्या लागतात. ‘अल’ने सुरू होणारं सगळं पांढरं नसतं.

हापूस, अर्थात अल्फान्सो. अफोन्सो हे नाव जर्मनिक आहे आणि त्यातल्या ‘फोन्सो’चा अर्थ ‘तत्पर’. पांढऱ्याशी काही देणंघेणं नाही. आलपीन: पोर्तुगीज ‘आल्फिनेते’, त्यामागे अरबी ‘अल-खिलाल’, म्हणजे ‘अल’ हे अरबी उपपद. अल्कोहोलमधलंही तेच. अलमारी: पोर्तुगीज ‘आल्मारिओ’, मूळ लॅटिन ‘आर्मारिउम’, शस्त्रं ठेवायची पेटी. यात ‘ल’ मुळात ‘र’ होता. लॅटिन आहे म्हणून आल्बुसच असं नाही. अलिबाग तर अलीची बाग. रुमानियन ‘आल्बिना’ ऐकून हुरळू नका, ती मधमाशी आहे आणि तिचं मूळ पोळ्याच्या शब्दात आहे. गोवा १५१० मध्ये जिंकणाऱ्या आल्बुकर्कच्या आडनावाची दोन मूळं सांगतात, एक लॅटिन ‘पांढरा ओक’ आणि दुसरं अरबी. अशी चिठ्ठी ‘वादात’ असा शेरा मारून बाजूला ठेवायची, निकालात काढायची नाही.

याच्या उलट गंमत आल्बट्रॉसची. हा समुद्रपक्षी मुळात पोर्तुगीज ‘आल्काट्राझ’, तेही अरबीतून आलेलं. इंग्रज खलाशांच्या तोंडी त्यातला ‘क’ गेला आणि ‘ब’ आला, कारण पक्षी पांढरा आणि ‘आल्बा’ म्हणजे पांढरं हे शिकलेल्यांच्या डोक्यात. नातं नसताना रंगानेच शब्द वाकवला. या चिठ्ठीवर ‘मूळ अरबी, डागडुजी लॅटिन’ असं लिहा.

अर्थाचाही माग काढा: आल्बमची चिठ्ठी

ध्वनी जुळले तरी वस्तू जुळली पाहिजे. चुन्याची भिंत आणि लग्नाचे फोटो यांचा संबंध काय? पायऱ्या अशा. रोममध्ये ‘आल्बुम’ म्हणजे चुनखडीने पांढरी केलेली फळी. तिच्यावर न्यायाधिकाऱ्यांचे आदेश लिहून चौकात लावत. फळी मुद्दाम खराब करणाऱ्याला ५०० सुवर्णनाण्यांचा दंड होता. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पानाच्या पिचकाऱ्या मारणारे तिथे वाचले नसते. त्याच शब्दाने पुढे अधिकृत यादी ओळखली जाऊ लागली. इटलीतल्या कानुसियम गावच्या नगरसभेची २२३ सालची अशी यादी ब्राँझच्या पत्र्यावर मिळाली आहे. फळीचा पांढरेपणा गेला, यादी उरली.

१६व्या शतकात जर्मन विद्यापीठांतले विद्यार्थी ‘मित्रांचा आल्बुम’ बाळगू लागले. कोरी वही, तिच्यात मित्रांनी आणि गुरुजनांनी चार ओळी लिहून सही करायची. तिथून इंग्रजीत चिकटवहीला आल्बम. १८५० मध्ये फ्रान्समधल्या ब्लांकार-एव्हरार याने अंड्यातला पांढरा बलक लावलेला कागद फोटो छापायला काढला. म्हणजे त्या काळच्या फोटोंच्या वहीत आल्बुसची दोन नातवंडं एकमेकांना चिकटलेली असत, अल्बुमेन (अंड्यातलं पांढरं) कागदाला आणि कागद आल्बमला. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या पाकिटांच्या जाडजूड वहीत विकल्या जात, कारण एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. ती वही आल्बम. १९४८ मध्ये लाँग प्ले आली, सगळं एका तबकडीवर मावलं, वही संपली, नाव राहिलं. आता मोबाइलवर आल्बम असतो तेव्हा त्यात वहीही नाही आणि पांढरंही काही नाही. पुराव्याच्या रकान्यात प्रत्येक पायरीची वस्तू लिहा: फळी, यादी, सह्यांची वही, फोटोंची वही, तबकड्यांची वही. मधली एखादी वस्तू सापडत नसेल, तर तिथे साखळी तुटलेली आहे.

शेवटी ‘कां’च्या चिठ्ठ्या

कांदिदुस रोमन निवडणुकीत सापडतो. उभा राहणारा माणूस खडू चोळून झळाळता केलेला झगा घालून मतं मागायचा, म्हणून तो ‘कांदिदातुस’. इंग्रजी कँडिडेट तिथला. आपल्या उमेदवाराचा पांढरा सदरा मात्र फक्त योगायोग, शब्द फारसी ‘उमेद’चा.

त्याच धातूची ‘कांदेला’, मेणबत्ती. तिची एक शाखा फ्रेंचमध्ये गेली. तिथे ‘आ’ स्वराआधीच्या ‘क’चा ‘च’ आणि पुढे ‘श’ झाला: कांदेलाचं शांदेल, काबाल्लुस (घोडा) चं शव्हाल, काम्पुस (मैदान) चं शां. झुंबराला शँडेलियर म्हणतात ते यातूनच. दुसरी शाखा ग्रीकमधून अरबीत गेली, ‘किंदील’ झाली, फारसीतून मराठीत आली आणि दिवाळीत दारात टांगली गेली. कंदील पोर्तुगीज म्हणून नोंदवायचा मोह झाला तर एकच परीक्षा करा: किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, जिथे पोर्तुगीज कधी पोचले नाहीत, तिथेही तोच शब्द आहे का? हिंदीत, उर्दूत आहे.

या धातूचं एक टोक आपल्याकडे फार जुनं आहे, आणि ते लॅटिनकडून आलेलं नाही, लॅटिनच्या बरोबरीचं आहे. संस्कृत ‘चन्द्र’. वैदिक रूप ‘श्चन्द्र’, चमकणारा. सुटा चंद्र लिहिताना तो ‘श’ गळाला, पण हरिश्चंद्रात अडकून राहिला. फ्रेंच ‘शांदेल’ आणि ‘श्चन्द्र’ एका आवाजाचे वाटले तरी ते साम्य पुरावा म्हणून धरू नका. फ्रेंचचा ‘श’ ‘क’पासून घडलेला आणि अलीकडचा, आपला ‘श’ मुळातल्या ‘स’चा आणि हजारो वर्षं जुना. नातं खरं आहे, पण पुरावा कांदेलाच्या ‘क’मध्ये शोधायचा. कंदील आणि चंद्र या दोन चिठ्ठ्या एकाखाली एक लावू नका, शेजारी शेजारी लावा. एक दुसऱ्यापासून आलेला नाही. आकाशकंदील कागदाचा असला तरी त्याच्या चिठ्ठीवर ‘आ’ नाही, ‘कां’च.